नावाचं चित्र, चित्राचा उच्चार : मेक्सिकोतली नावात्ल नावं

आज आपण पाचशे वर्षांपूर्वीच्या मेक्सिकोत जाणार आहोत. निघण्याआधी एक छोटी गोष्ट करून बघा. कागद घ्या आणि एकही अक्षर न वापरता, फक्त चित्र काढून 'पद्मा' हे नाव लिहा.

सोपं वाटेल. कमळ काढलं की झालं. पण तो कागद शेजारच्यांना दाखवलात, तर कुणी 'कमल' वाचेल, कुणी 'सरोज', कुणी 'पंकज'. कुणी नुसतंच म्हणेल, छान फूल काढलंय. अर्थ पोचला, नाव मात्र पोचलं नाही. आणि नावाच्या बाबतीत अर्थ पोचून भागत नाही. पद्माला 'सरोज' म्हणून हाक मारली तर ती वळून बघणार नाही.

आजच्या विषयाचं सगळं मर्म इथेच आहे. युद्ध, दुष्काळ, राज्याभिषेक हे सगळं चित्रातून सांगता येतं, आणि ते चित्र कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतं. नाव तसं सांगता येत नाही. नावाला उच्चार लागतो आणि उच्चार एका विशिष्ट भाषेतला असतो. त्यामुळे एखाद्या समाजाकडे लेखन होतं की नुसती चित्रं होती, हे तपासायचं असेल, तर त्यांनी माणसांची नावं कशी नोंदवली ते बघावं. मेक्सिकोच्या बाबतीत हा प्रश्न फार मोठा ठरला. 'त्यांना लिहिता येत नव्हतं' असं एकदा म्हटलं, की पुढचं वाक्य 'त्यांना इतिहास नव्हता' हेच असतं.

ही माणसं कोण?

आपण ज्यांना 'अझ्टेक' म्हणतो, ते स्वतःला 'मेशिका' म्हणत. त्यांची राजधानी तेनोच्तित्लान, म्हणजे आजचं मेक्सिको शहर. त्यांची आणि आजूबाजूच्या अनेक नगरराज्यांची भाषा होती नावात्ल. ती भाषा बोलणाऱ्या सर्वांना मिळून 'नावा' लोक म्हणतात. मराठी कानाला या शब्दात 'नाव' ऐकू येतं, तो निव्वळ योगायोग. पण नावात्ल आपल्याला अगदीच परकी नाही. आपण रोज भाजीत घालतो तो टोमॅटो त्यांच्या 'तोमात्ल' या शब्दातून आला. २०२०च्या जनगणनेनुसार मेक्सिकोत १६ लाखांहून अधिक लोक आजही नावात्ल बोलतात. म्हणजे आपण मेलेल्या भाषेबद्दल बोलत नाही आहोत.

१५१९ साली एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान पडलं. त्यापूर्वी या समाजात 'त्लाकुइलो' नावाचा एक व्यवसाय होता. या शब्दाचा अर्थ 'लिहिणारा' आणि 'रंगवणारा', दोन्ही. त्यांच्या भाषेत या दोन कामांना क्रियापद एकच. आपल्याला यात नवल वाटू नये. संस्कृतमधल्या 'लिख्' धातूचे अर्थही ओरखडणं, रेखाटणं आणि लिहिणं असेच आहेत. हे त्लाकुइलो वड-उंबराच्या कुळातल्या झाडांच्या सालीपासून केलेल्या कागदावर किंवा कातड्यावर लिहीत.

राजांची नावं

सुरुवात राजांपासून करू, कारण त्यांची नावं वाचायला सोपी आहेत. १५४०च्या दशकात, म्हणजे स्पॅनिश राजवट आल्यावर वीसेक वर्षांनी, मेक्सिकोत एक सचित्र पोथी तयार झाली. तिला 'कोडेक्स मेंडोझा' म्हणतात. तिचा प्रवास एखाद्या कादंबरीसारखा आहे. स्पेनला जाताना ती फ्रेंच चाच्यांच्या हाती पडली. मग फ्रान्सच्या राजदरबारातल्या आंद्रे तेवे यांच्याकडे आली. त्यांच्याकडून इंग्रज लेखक रिचर्ड हॅकलुइट यांनी ती घेतली आणि १६५९मध्ये ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पोचली. आजही ती तिथेच आहे.

या पोथीत मेशिका राजे एकामागून एक बसलेले दिसतात. सगळ्यांचे चेहरे जवळपास सारखे. कोण कोणता हे ओळखायचं ते डोक्याजवळच्या छोट्या चित्रावरून. एका बारीक रेषेनं ते चित्र राजाच्या डोक्याला जोडलेलं असतं.

एका राजाजवळ हात आहे आणि त्या हातात बोरूंची मूठ. तो आकामापिच्त्ली, म्हणजेच 'मूठभर बोरू'. दुसऱ्याजवळ ढाल आहे आणि तिच्यातून धूर निघतोय. तो चिमाल्पोपोका. 'चिमाल्ली' म्हणजे ढाल, 'पोपोका' म्हणजे धुमसते. आणखी एकाजवळ माणसाचा चेहरा आणि पाणी. तो आशायाकात्ल. 'आत्ल' म्हणजे पाणी, 'शायाकात्ल' म्हणजे चेहरा. मोक्तेसुमाचं नाव मात्र अर्धवटच लिहिलंय. त्याच्याजवळ आहे तो फक्त राजमुकुट. त्याच्या नावात 'तेकु' म्हणजे 'स्वामी' हा शब्द येतो, मुकुट तेवढाच भाग सांगतो. पुढचंमागचं वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं, जसं आपण 'ग्रा.पं.' बघून पूर्ण शब्द वाचतो.

इथवर कुणी म्हणेल, ही तर चित्रंच झाली. ढाल काढली, धूर काढला, यात लेखन कुठे आहे? हा आक्षेप योग्य आहे. त्याचं उत्तर एका राजाच्या आणि त्याच्याच नावाच्या एका साध्या माणसाच्या चिन्हात सापडलं.

राजा इत्सकोआत्ल आणि त्याचा नावकरी

१४२७च्या सुमारास तेनोच्तित्लानच्या गादीवर इत्सकोआत्ल आला आणि त्यानं १४४०पर्यंत राज्य केलं. 'इत्स्त्ली' म्हणजे ज्वालामुखीतून निघणारी काळी, धारदार काच. 'कोआत्ल' म्हणजे साप. कोडेक्स मेंडोझात त्याच्या नावाचं चित्र तसंच आहे : एक साप आणि त्याच्या पाठीवर काळ्या काचेची पाती. अर्थही तोच, चित्रही तेच.

आता राजधानीतून निघून सरोवराच्या पूर्वेकडच्या टेस्कोको प्रांतात जाऊ. तिथल्या तेपेत्लाओस्तोक या गावाच्या परिसरात १५४०च्या दशकात घरोघरची आणि शेतजमिनीची नोंद झाली. त्या दप्तराला 'कोडेक्स व्हेर्गारा' म्हणतात आणि ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आपल्याकडचा सात-बारा आणि शिधापत्रिका एकत्र बांधली तर काय होईल, साधारण तसं हे दप्तर. आधी घरातली माणसं, मग त्या कुटुंबाच्या प्रत्येक शेताच्या बाजूंची मापं, मग शेताचं क्षेत्रफळ. यात राजे नाहीत. राबणारी, कर भरणारी माणसं आहेत.

या दप्तरातही इत्सकोआत्ल हे नाव येतं. पण त्याच्याजवळ साप नाही. तिथे तीन चित्रं आहेत : काळ्या काचेची पाती, मातीचं भांडं आणि पाणी. भांड्याचा किंवा पाण्याचा त्या नावाच्या अर्थाशी काहीही संबंध नाही. पण ती चित्रं नावात्लमध्ये मोठ्यानं वाचा. पाती म्हणजे 'इत्स'. भांड्याला म्हणतात 'कोमित्ल', त्याचं घ्यायचं 'को'. पाण्याला म्हणतात 'आत्ल', त्याचं घ्यायचं 'आ'. इत्स-को-आ. साप न काढता 'कोआ' लिहून झालं. शेवटचा 'त्ल' हा नावात्ल नामांना लागणारा प्रत्यय आहे, तो लिहिण्याची गरज नसे.

ही युक्ती कळण्यासाठी आपल्याकडचं उदाहरण घेऊ. नाग काढा आणि शेजारी पुराचं पाणी काढा. झालं 'नागपूर'. नागपूर या नावातल्या 'पूर'चा पाण्याच्या पुराशी काही संबंध नाही, तरी मराठी माणूस ते बरोबर वाचेल. तमिळ किंवा बंगाली माणसाला मात्र साप आणि पाणी एवढंच दिसेल. चित्राचा अर्थ सोडून फक्त उच्चार घेतला, की ते चित्र एका भाषेला बांधलं जातं. तिथे चित्र संपतं आणि लेखन सुरू होतं.

हे १८४९मध्ये जोसेफ ऑबँ या फ्रेंच अभ्यासकानं दाखवून दिलं. मेक्सिकोत राहून त्यानं जुन्या पोथ्यांचा मोठा संग्रह केला होता. राजाचं नाव आणि दप्तरातलं नाव शेजारी ठेवून त्यानं सांगितलं, की ही लिपी दोन प्रकारची चिन्हं वापरते. काही चिन्हं पूर्ण शब्दाची, काही फक्त उच्चाराची. 'पा'साठी झेंडा, कारण झेंड्याला म्हणतात 'पान्त्ली'. 'ते'साठी दगड, कारण दगड म्हणजे 'तेत्ल'. गावांच्या नावांत शेवटी येणाऱ्या 'त्लान'साठी चक्क दात, कारण दाताला म्हणतात 'त्लान्त्ली'.

यात एक गंमत आहे. फ्लोरेन्टाइन कोडेक्स या १६व्या शतकातल्या ग्रंथात अशी हकिकत आहे, की इत्सकोआत्लच्या काळात राज्यकर्त्यांनी जुन्या इतिहासाच्या पोथ्या जाळल्या. सामान्य लोकांनी ते सगळं जाणून घेणं बरं नव्हे, असा त्यांचा विचार. ज्या राजाच्या काळात पोथ्या जाळल्या असं सांगतात, त्याचंच नाव पुढे या लिपीची किल्ली ठरलं. आणि ती किल्ली फिरली ती त्याच्याच नावाचा एक सामान्य माणूस कराच्या दप्तरात नोंदला गेला होता म्हणून.

'हे काही खरं लेखन नव्हे'

ऑबँचं म्हणणं लगेच सगळ्यांनी मान्य केलं असतं तर हा भाग इथेच संपला असता. तसं झालं नाही. पुढची शंभर वर्षं आणि त्यानंतरही अनेक विद्वान म्हणत राहिले, की हा स्मरणाला मदत करणारा चित्रांचा संच आहे. १९५२मध्ये इग्नेस गेल्ब यांचं लेखनाच्या इतिहासावरचं पुस्तक आलं. ते जगभर वाचलं गेलं, आणि त्यात अमेरिकेतल्या या पद्धतींना पूर्ण लेखनाच्या अलीकडची पायरी दिलेली होती.

आक्षेप दोन प्रकारचे होते आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला असा, की या पोथ्यांत वाक्यं नाहीत. 'राजानं अमुक गाव जिंकलं' हे वाक्य लिहिलेलं नसतं. जळणारं देऊळ काढलेलं असतं. हे खरं आहे. पण त्या जळत्या देवळाजवळ गावाचं नाव लिहिलेलं असतं आणि राजाजवळ राजाचं. आपण नकाशा वापरतो तेव्हा नदीची निळी रेघ हे चित्र असतं आणि तिच्यावरचं 'गोदावरी' हे लेखन असतं. दोन्ही एका कागदावर आहेत म्हणून नकाशावर लेखन नाही असं आपण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा, की उच्चाराची ही युक्ती स्पॅनिश पाद्र्यांकडून शिकलेली असणार. पाद्र्यांच्या काळात तिचा वापर झाला यात शंका नाही. लॅटिन प्रार्थनेतले 'पातेर नोस्तेर' हे शब्द लक्षात ठेवायला नावा लोक झेंडा, दगड, फड्या निवडुंगाचं बोंड आणि पुन्हा दगड अशी चित्रं काढत. पान्त्ली, तेत्ल, नोच्त्ली, तेत्ल. हे १६व्या शतकातल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यानंच लिहून ठेवलंय. पण नीट विचार करा. स्पॅनिश लिपीत 'प' आणि 'आ' ही वेगवेगळी अक्षरं असतात. नावात्ल चिन्ह एका दमात 'पा' देतं, आणि ते का देतं हे नावात्ल आल्याशिवाय कळत नाही. युरोपीय वर्णमाला शिकून ही पद्धत कशी सुचेल?

शिवाय नावं लिहिण्याची प्रथा स्पॅनिश येण्याआधीची आहे, याला दगडाचा पुरावा आहे. १४८७ सालची तारीख कोरलेला एक दगड मेक्सिको शहराच्या मुख्य मंदिराशी संबंधित आहे. त्यावर तिसोक आणि अविसोत्ल हे दोन राजे समोरासमोर उभे आहेत. तिसोकजवळ पायाचं चिन्ह, अविसोत्लजवळ पाण्यातल्या प्राण्याचं. तेव्हा कोलंबस अजून निघायचा होता.

या वादाला नवं वळण दिलं अल्फोन्सो लाकादेना या स्पॅनिश अभ्यासकानं. २००८मध्ये त्यांनी नावात्ल उच्चारचिन्हांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यांनी लक्ष वेधलं ते टेस्कोकोच्या परिसरातल्या दप्तरांकडे, कारण तिथले लेखक उच्चारचिन्हं सढळ हातानं वापरत. कोडेक्स व्हेर्गारासारख्या दप्तरात एकाच माणसाचं नाव दोन-तीन ठिकाणी येतं : घरच्या नोंदीत एकदा, शेताच्या नोंदीत पुन्हा. आणि लेखक दर वेळी ते तसंच लिहीत नाही. एका ठिकाणी शब्दाचं चित्र, दुसऱ्या ठिकाणी त्याच जागी उच्चाराची चिन्हं. दोन्हींची अदलाबदल होते, म्हणजे दोन्हींचा उच्चार एकच. माया लिपी वाचताना अभ्यासकांनी वापरलेली हीच रीत होती. मतभेद आजही आहेत. पण चर्चा आता 'हे लेखन होतं का' यावरून 'ते किती दूरवर वापरलं जाई' इथपर्यंत सरकली आहे.

नाव ठेवलं जायचं कसं

लिपी बाजूला ठेवून आता माणसांकडे वळू. ही नावं येत कुठून?

कोडेक्स मेंडोझातच नाव ठेवण्याचं चित्र आहे. जन्मानंतर चार दिवसांनी सुईण बाळाला अंगणात आणते. तिथे लव्हाळ्यांवर पाण्याचं पसरट भांडं ठेवलेलं. बाळाला अंघोळ घातली जाते. शेजारी तीन लहान मुलगे बसून भाजलेला मका आणि शिजवलेला घेवडा खात असतात. सुईण त्यांना बाळाचं नाव सांगते आणि ते मोठ्यानं पुकारायला लावते. आपल्या बारशात आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. इथे मुलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत.

त्याच पानावर मुलग्यांसाठी ढाल-बाण आणि बापाच्या धंद्याची हत्यारं काढली आहेत. सुतार, सोनार, पिसांचं काम करणारा, आणि त्यांच्यासोबत लिहिणारा-रंगवणारा त्लाकुइलोही. मुलींसाठी झाडू, चाती आणि टोपली.

नावं अनेक प्रकारची. त्यांच्या पंचांगात २० दिवसचिन्हं आणि १३ आकडे यांच्या जोड्यांनी २६० दिवसांचं चक्र होतं. जन्माच्या दिवसावरून नाव मिळे. टेस्कोकोचा प्रसिद्ध राजा नेसावालकोयोत्ल याचं दिवसावरचं नाव 'एक हरीण' होतं. याशिवाय कोआत्ल म्हणजे साप, तोतोत्ल म्हणजे पक्षी, याओत्ल म्हणजे शत्रू अशी नावं साध्या घरांत सर्रास आढळतात. 'याओत्ल' लिहायला ढाल आणि शस्त्र काढत.

बायकांच्या नावांत मात्र एवढी विविधता नव्हती. साध्या घरांतल्या मुलींना बरेचदा जन्मक्रमावरून नाव मिळे. तेयाकापान म्हणजे पहिली, त्लाको म्हणजे मधली, शोको म्हणजे शेंडेफळ. एकाच गावात कितीतरी तेयाकापान. शेताची नोंद बहुधा पुरुषाच्या नावे, त्यामुळे चिन्हांच्या या सुंदर जगात बायका कमीच भेटतात. लिपी कितीही कुशल असली, तरी नोंद कुणाची करायची हे वेगळीच माणसं ठरवतात.

कर, तक्रार आणि नवी नावं

नावांचा सर्वांत मोठा साठा १५६० सालच्या एका दप्तरात आहे. 'मात्रिकुला दे वेशोत्सिंको', म्हणजे वेशोत्सिंको प्रांताची घरगणती. त्यात पानामागून पान माणसांची डोकी आणि प्रत्येक डोक्याजवळ नावाचं चिन्ह. हजारो माणसं. शेजारी लॅटिन लिपीत तेच नाव. याच वर्षी वेशोत्सिंकोच्या नगरसभेनं स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला नावात्ल भाषेत पत्र लिहिलं. कोर्तेसला आम्ही साथ दिली, तरी आमच्यावर एवढा कर का, अशी ती तक्रार होती. इकडे माणसं मोजली जात होती, तिकडे ती माणसं राजाशी लेखी भांडत होती. लेखन त्यांच्या हातातलं हत्यार होतं.

नव्या मालकांची नावंही याच लिपीत शिरली. पेद्रो दे आल्वारादो या सरदाराला नावा लोक 'तोनातिऊ' म्हणजे सूर्य म्हणत. १५४१मधला त्याचा मृत्यू नोंदवताना 'तेलेरियानो-रेमेन्सिस' या पोथीत त्याच्याजवळ सूर्याचं चिन्ह काढलं आहे. व्हाइसरॉय मेंडोझाचं नाव याहून मजेदार. घायपाताला नावात्लमध्ये 'मेत्ल' म्हणतात, आणि जमिनीत बिळं करणाऱ्या घुशीसारख्या एका प्राण्याला 'तोसान'. दोन्ही जोडली : मे-तोसा. झाला मेंडोझा! साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं नाव घायपात आणि बीळ करणारा प्राणी यांनी लिहिलं गेलं. लेखकाला कुचेष्टा करायची होती असं नाही. त्याला उच्चार हवा होता आणि तो त्याला मिळाला.

पण याच दप्तरांत एक बदलही दिसतो. बाप्तिस्मा झालेल्या माणसाचं नाव आता 'हुआन कोआत्ल' किंवा 'पेद्रो याओत्ल' अशा थाटाचं असे. गावात शेकडो हुआन आणि शेकडो पेद्रो. हा हुआन कोणता, हे सांगणारं नाव नावात्लच होतं. म्हणून चिन्ह सापाचं. पुढे हळूहळू साध्या लोकांत दोन्ही नावं ख्रिस्ती होऊ लागली, हुआन दिएगो, पेद्रो मार्तीन अशी. साप गेला, शत्रू गेला, पक्षी गेला. नाव गेल्यावर चिन्हाचं कामच उरलं नाही. लिपी एखाद्या दिवशी बंदी घालून संपली असं नाही. ती ज्या नावांसाठी होती ती नावं घरातून गेली आणि तिच्यामागून तीही गेली.

काही नावं मात्र परत आली. मेक्सिकोत आज क्वाउतेमोक नावाचे पुढारी आणि फुटबॉलपटू झाले आहेत. 'झेपावणारा गरुड' हा शेवटच्या मेशिका राजाच्या नावाचा अर्थ. २०२४च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एका प्रमुख उमेदवाराचं नाव 'सोचित्ल' होतं, म्हणजे फूल. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठानं नावात्ल चिन्हांचा सचित्र कोश सर्वांसाठी खुला केला आहे. तो आज घरबसल्या बघता येतो.

जमलं तर बघा. राजांची पानं सुंदर आहेतच. पण थोडा वेळ वेशोत्सिंकोच्या पानांवर काढा. रांगेनं डोकी आहेत, सगळी सारखी. कर वसूल करणाऱ्याला त्यांचा आकडा पुरेसा होता. लेखकानं मात्र प्रत्येकाजवळ एक छोटं चित्र काढलं आणि त्या चित्रात त्या माणसाच्या हाकेचा आवाज ठेवला. साडेचारशे वर्षांनंतर ते चित्र बघून कुणीतरी 'कोआत्ल' असं मोठ्यानं म्हणू शकतं, आणि ते बरोबर असतं. लेखन म्हणजे याहून वेगळं काय असतं?